वाळवंटातले शहर आणि त्याचे साठवणदार

राजस्थानच्या वायव्य भागातील बिकानेर हे शहर थरच्या वाळवंटात वसलेले असून त्याच्या जवळून एकही बारमाही नदी वाहत नाही; वर्षाकाठी पडणारा पाऊस सरासरी २५ ते ३० सेंटिमीटरच्या घरात असतो आणि त्याचाही भरवसा नसतो. जुन्या शहरातील विहिरी शंभर मीटरच्या आसपास खोल न्याव्या लागत, आणि ज्यांच्या वाट्याला अशी विहीर नसे ती घरे अंगणाखाली चुन्याने बांधलेल्या ‘कुंडा’त, म्हणजे पावसाचे पाणी धरून ठेवणाऱ्या झाकलेल्या टाक्यात, वर्षाची बेगमी करीत. अशा भूमीत शेतीच्या उत्पन्नावर मोठे नगर पोसले जाणे कठीण होते, म्हणून बिकानेरच्या इतिहासात जे जे मोलाचे दिसते ते बहुतांशी दुसरीकडून आलेले आहे: व्यापाराचा पैसा कलकत्त्याहून, ग्रंथ दख्खन आणि काशीहून, पाणी पंजाबातून. या शहराला घडवणाऱ्या माणसांची मोजणी लढायांवरून करण्याची रूढी आहे. तथापि कोणी काय आणले आणि आणलेले कसे जपले, या कसोटीवर ती केली तर नावांचा क्रम बराच बदलतो.

शहराचा संस्थापक राव बीका हा जोधपूर वसवणाऱ्या राव जोधाचा पुत्र. तो १४६५ मध्ये काका कांधल याच्यासह जोधपूर सोडून तेव्हा ‘जांगलदेश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात आला आणि १४८८ मध्ये त्याने नगराची स्थापना केली. येथे आधीपासून जाट कुळांची वस्ती होती, आणि त्यांपैकी गोदारा कुळाच्या पांडू नावाच्या प्रमुखाने बीकाचे स्वामित्व मान्य केल्यामुळे प्रत्येक नव्या राजाच्या कपाळी टिळा लावण्याचा मान त्याच्या वंशजांना मिळाला, असे परंपरा सांगते. देशनोक येथील चारण कुळातील करणीमाता हिचा आशीर्वाद हीदेखील राजघराण्याच्या अधिकाराची एक बाजू मानली जाई. चारण म्हणजे राजकुळांच्या वंशावळी आणि पराक्रम पद्यात जपणारी जात, आणि तिच्या मुखाने मिळालेली मान्यता तलवारीइतकीच उपयोगी पडत असे. नवख्या राज्यकर्त्याला स्थानिक समाजाची संमती घ्यावी लागली, ही गोष्ट या दोन्ही कथांत सारखीच उमटलेली आहे.

आज शहराची ओळख बनलेला जुनागड किल्ला राजा रायसिंह याच्या काळात, १५८९ ते १५९४ या वर्षांत, बांधला गेला आणि त्याच्या कामावर देखरेख होती ती करमचंद बच्छावत या जैन मंत्र्याची. रायसिंह अकबराच्या सेवेत बहुधा दूरवरच असे. त्याचा मृत्यूही १६१२ मध्ये बुऱ्हाणपूर येथे झाला. सिरोहीच्या लुटीत मोगल सरदाराने नेलेल्या सुमारे १०५० धातूच्या जैन मूर्ती वितळवल्या जाण्यापूर्वी अकबराकडून सोडवून बिकानेरला आणण्याचे श्रेय रायसिंह आणि करमचंद यांना दिले जाते. या मूर्ती शहरातील चिंतामणी मंदिराच्या तळघरात ठेवल्या गेल्या आणि एरवी बंद असलेले ते तळघर विशिष्ट प्रसंगीच उघडण्याची प्रथा पडली. पुढे करमचंदाचे आणि राजाचे बिनसले, त्याला शहर सोडावे लागले, आणि त्याच्या वंशाची जी करुण अखेर झाली ती बिकानेरच्या आख्यानांत अजूनही सांगितली जाते.

मराठी वाचकाला बिकानेरशी जोडणारा धागा सतराव्या शतकात सापडतो. राजा करणसिंह (कारकीर्द १६३१ ते १६६९) आणि त्याचे पुत्र यांची हयात मोगल फौजेबरोबर दख्खनमध्ये गेली, आणि औरंगाबादेभोवती त्यांच्या छावण्यांच्या जागी जी पुरे वसली त्यांपैकी कर्णपुरा आणि पदमपुरा ही नावे आजच्या छत्रपती संभाजीनगरात रोजच्या व्यवहारात आहेत; पहिले करणसिंहाचे, तर दुसरे त्याचा पुत्र पदमसिंह याचे. नवरात्रात ज्या कर्णपुऱ्यात तुळजाभवानीची जत्रा भरते तेथील देवीचे मंदिरही परंपरेने करणसिंहाशीच जोडले जाते, मात्र जत्रेला लोटणाऱ्या गर्दीतील किती जणांना हा राजा कोठला हे ठाऊक असेल, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. बिकानेरच्या राजचिन्हावरील ‘जय जंगलधर बादशाह’ ही घोषणाही करणसिंहाचीच: अटक येथे राजपूत राजांना सिंधुपार नेऊन धर्मांतर करविण्याचा औरंगजेबाचा बेत त्याने नावा फोडून हाणून पाडला, म्हणून इतर राजांनी त्याला हा किताब दिला, अशी कथा आहे. तिला समकालीन फारसी साधनांचा आधार नाही. राजघराण्याने स्वतःविषयी काय सांगू इच्छिले, याचा पुरावा म्हणूनच ती वाचणे योग्य. करणसिंहाचा अंत १६६९ मध्ये औरंगाबादेतच झाला.

त्याचा पुत्र अनूपसिंह (कारकीर्द १६६९ ते १६९८) हाही मोगलांचा सरदारच होता. विजापूर आणि गोवळकोंडा यांच्या पाडावात तो सामील होता, काही काळ अदोनीचा अधिकारी होता आणि अखेर अदोनीलाच वारला. मराठ्यांविरुद्धच्या मोहिमांतही तो होता, हे मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना सांगायला नको. परंतु ज्या मुलखात त्याने तलवार चालवली तेथून तो पोथ्या गोळा करीत राहिला, आणि हे काम राजाच्या हौसेपुरते नव्हते. युद्धाच्या धामधुमीत घरंदाज शास्त्री आपले संग्रह विकायला काढत किंवा भयाने नदीत सोडून देत, तेव्हा अनूपसिंहाने पैसे मोजून ते ग्रंथ घेतले आणि उंटांवरून वाळवंटात पोचवले, असे परंपरा सांगते. दख्खनमधून आणलेल्या धातूच्या देवमूर्ती जुनागडातील तेहतीस कोटी देवतांच्या मंदिरात आजही आहेत. कोरडी हवा कागदाला मानवते आणि दमट प्रदेशात ज्या वेगाने वाळवी व बुरशी पोथी संपवते त्या वेगाने ती येथे संपत नाही, हा लाभ हिशेबात धरला गेला होता की नाही ते कळायला मार्ग नाही, पण फळ मात्र मिळाले.

या संग्रहाची, म्हणजे आजच्या अनूप संस्कृत ग्रंथालयाची, थोरवी एका उदाहरणावरून ध्यानात येते. गोदातीरावरून काशीस जाऊन स्थायिक झालेले कवींद्राचार्य सरस्वती हे संन्यासी शहाजहानच्या काळातील मोठे पंडित. काशी व प्रयाग येथील यात्रेकरूंवरील कर माफ करवून घेतल्याबद्दल त्यांची सर्वत्र स्तुती झाली. त्यांच्याजवळ असलेला हस्तलिखितांचा प्रचंड साठा त्यांच्या पश्चात विखुरला, आणि त्यांच्या नावाची खूण असलेल्या कितीतरी पोथ्या बिकानेरच्या या ग्रंथालयात निघाल्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील प. कृ. गोडे यांनी कवींद्राचार्यांचा शोध घेतला तेव्हा अशाच विखुरलेल्या पोथ्यांच्या खुणा त्यांना माग दाखवीत होत्या. अनूपसिंहाच्या आश्रयाने नवे ग्रंथही रचले गेले. भावभट्ट या संगीतशास्त्रज्ञाने ‘अनूपसंगीतविलास’, ‘अनूपसंगीतरत्नाकर’ आणि ‘अनूपसंगीतांकुश’ हे ग्रंथ त्याच्या नावाने लिहिले, आणि दोन शतकांनंतर विष्णु नारायण भातखंडे यांनी मध्ययुगीन संगीतपद्धतींचा तौलनिक अभ्यास मांडला तेव्हा या भावभट्टाची दखल त्यांना घ्यावी लागली. संग्रहातील संस्कृत पोथ्यांची सूची राजेंद्रलाल मित्र यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केली. जिंकलेल्या प्रदेशातून आलेला संग्रह ही लूट की संरक्षण, हा वाद घालता येईल. मात्र विकत घेतलेली आणि नीट बांधून ठेवलेली पोथी नदीत बुडालेल्या पोथीपेक्षा केव्हाही बरी.

महाराजा गंगासिंह (१८८०-१९४३) यांच्याविषयी लिहिणारे त्यांच्या दरबारी वैभवात अडकून पडतात. उंटस्वारांचे ‘गंगा रिसाला’ हे पथक, १९१७ मधील साम्राज्य युद्ध मंत्रिमंडळातील सदस्यत्व, १९१९ च्या व्हर्साय तहावरील सही, नरेंद्र मंडळाचे पहिले चॅन्सेलरपद, गोलमेज परिषद, हे सारे खरेच आहे. बिकानेरच्या सामान्य प्रजेच्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ निराळ्याच गोष्टीने होतो. १८९८ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले आणि लगोलग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ मधील म्हणून मारवाडात त्याला ‘छप्पनिया’ म्हणतात. बिकानेर संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत ८,३१,९५५ होती, ती १९०१ मध्ये ५,८४,६२७ वर आली. दहा वर्षांत जवळजवळ तीस टक्के माणसे नाहीशी झाली, काही मेली, काही गुरेढोरे घेऊन सिंध, पंजाब, माळवा अशा दिशांना निघून गेली. विशीतल्या राजाने मदतकार्ये काढली, त्याबद्दल इंग्रज सरकारचे पदकही मिळवले. पण दुष्काळ आल्यावर खडी फोडण्याची कामे काढणे आणि दुष्काळ येऊच नये अशी तजवीज करणे यांतले अंतर या आकड्यांनी त्यांना दाखवले असावे, कारण त्यानंतर सतलजचे पाणी हा त्यांच्या आयुष्यातील एकमेव असा विषय झाला की जो त्यांनी पाव शतक हातचा सोडला नाही.

अडचण पाण्याची नव्हती तेवढी हक्काची होती. सतलज पंजाबातून वाहते, पुढे बहावलपूर संस्थानच्या सीमेने जाते. बिकानेरचा नदीकाठ शून्य. ज्याचा नदीला काठ लागत नाही त्याला नदीत वाटा मागता येतो काय, असा मूळ प्रश्न होता, आणि पंजाबच्या पाटबंधारे अधिकाऱ्यांना तो वाटा देणे रुचत नव्हते. अखेर १९२० च्या सप्टेंबरमध्ये पंजाब, बहावलपूर आणि बिकानेर यांच्यात करार झाला, फिरोजपूरजवळ हुसैनीवाला येथून कालवा काढण्याचे ठरले, आणि २६ ऑक्टोबर १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते ‘गंग कालव्या’त पाणी सोडले गेले. वाळूच्या पोटात पाणी मुरून जाऊ नये म्हणून मुख्य कालव्याच्या तळाला व कडांना आतून पक्के अस्तर करण्यात आले, जे त्या काळी भारतात फार क्वचित केले जाई. जेथे फक्त चराऊ कुरणे होती तेथे गंगानगर हे नवे शहर उभे राहिले. पंजाबातील शीख आणि जाट शेतकऱ्यांना जमिनी विकून संस्थानने खर्च भरून काढला आणि तिजोरीही भरली.

येथे एक बोचरी वस्तुस्थिती नोंदवणे भाग आहे. ही समृद्धी शहरापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर गेली, बिकानेर नगराला कालव्याचा थेंबही मिळाला नाही, आणि पाण्यासाठी एवढी झुंज देणाऱ्या राजाला प्रजेचे बोलणे मात्र सोसवत नव्हते. गोलमेज परिषदेच्या सुमारास बिकानेरच्या कारभारावर टीका करणारे पत्रक इंग्लंडात पोचले, त्यावर १९३२ मध्ये ‘बिकानेर कट खटला’ उभा राहिला आणि चुरूचे स्वामी गोपालदास यांच्यासारख्या शिक्षणप्रसारकाला तुरुंगात जावे लागले. वैद्य मघाराम यांनी १९३६ मध्ये प्रजामंडळ स्थापन केले, तर वकील रघुवरदयाल गोयल यांनी २२ जुलै १९४२ रोजी प्रजा परिषद काढली. दोघांनाही हद्दपारी भोगावी लागली. या माणसांची नावे किल्ल्याच्या मार्गदर्शकाच्या तोंडी येत नाहीत. गंगासिंह २ फेब्रुवारी १९४३ रोजी मुंबईत निवर्तले आणि अवघ्या सहा वर्षांत संस्थान राजस्थानात विलीन झाले.

शहरापर्यंत पाणी आणण्याचे श्रेय एका अभियंत्याला जाते. कंवरसेन हे बिकानेर संस्थानचे पाटबंधारे अभियंते. त्यांनी १९४८ मध्ये संस्थानच्या पाण्याच्या गरजेवर एक टिपण तयार केले आणि हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांचे पाणी पार जैसलमेरपर्यंत नेता येईल असे त्यात मांडले. फाळणीने नद्यांची वाटणी नव्याने होत असताना हे टिपण वेळेवर पुढे आले, हे विशेष. त्यातूनच राजस्थान कालवा, म्हणजे आजचा इंदिरा गांधी कालवा, आकाराला आला, ज्याची पायाभरणी गोविंद वल्लभ पंत यांच्या हस्ते ३१ मार्च १९५८ रोजी झाली. या कालव्याच्या एका शाखेतून पंपांनी पाणी चढ्या जमिनीवर उचलून लूणकरणसर आणि बिकानेरकडे आणले जाते. अशा शाखेला ‘लिफ्ट कालवा’ म्हणतात, आणि तिला कंवरसेन यांचेच नाव दिलेले आहे.

पाण्याच्या जोडीने भाषेचा साठा करणारा माणूस थेट इटलीहून आला. लुइजी पिओ तेस्सितोरी यांचा जन्म १३ डिसेंबर १८८७ रोजी उदिने येथे झाला. फ्लॉरेन्सच्या विद्यापीठात त्यांनी वाल्मीकी आणि तुलसीदास यांच्या रामायणांची तुलना करून पदवी मिळवली, आणि भारत न पाहताच जुन्या पश्चिमी राजस्थानीचे व्याकरण लिहायला घेतले. ही भाषा म्हणजे आजची गुजराती आणि मारवाडी ज्या समान अवस्थेतून फुटल्या ती अवस्था, आणि ती स्वतंत्रपणे ओळखून दाखवणे ही त्यांची कामगिरी भाषाशास्त्रात टिकून आहे. जैन आचार्य विजयधर्मसूरी यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि भारतात आल्यावर त्यांनी त्यांना गुरुस्थानी मानले. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या शिफारशीने १९१४ मध्ये ते मुंबईत उतरले, आणि बंगालच्या एशियाटिक सोसायटीसाठी राजपुतान्यातील चारणी व ऐतिहासिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाचे काम त्यांच्याकडे आले. जोधपुरात त्यांना म्हणावे तसे सहकार्य मिळाले नाही, म्हणून १९१५ च्या अखेरीस ते बिकानेरला आले, आणि येथे मात्र गंगासिंहांनी त्यांना दप्तरे उघडून दिली.

पुढील चार वर्षांत या तरुणाने केलेले काम पाहिले की वयाचा विसर पडतो. गावोगाव उंटावरून हिंडून चारणांच्या घरांतील वह्या पाहणे, प्रत्येक पोथीची पाने, अक्षर, आरंभ व शेवट टिपणे, आणि रात्री त्याच्या विवरणात्मक सूच्या लिहिणे, असा क्रम होता. अकबराच्या दरबारी राहिलेल्या पृथ्वीराज राठोड या बिकानेरी राजपुत्राचे ‘वेली क्रिसन रुकमणी री’ हे डिंगळ काव्य त्यांनी १९१९ मध्ये संपादित केले. डिंगळ म्हणजे चारणांची खास काव्यभाषा. शिवाय पुरातत्त्व खात्यासाठी त्यांनी घग्घर नदीच्या कोरड्या पात्रालगतची टेकाडे पाहिली, रंगमहाल येथील भाजल्या मातीची शिल्पे गोळा केली, जी आता बिकानेरच्या संग्रहालयात आहेत, आणि कालीबंगा येथे त्यांना काही मुद्रा सापडल्या, ज्यांवरील चिन्हे कोणालाच वाचता येत नव्हती. सिंधू संस्कृतीची घोषणा जॉन मार्शल यांनी १९२४ मध्ये केली. तेस्सितोरी तोवर जिवंत असते तर त्या मुद्रांचा तिच्याशी असलेला संबंध कदाचित त्यांनी स्वतःच जोडला असता. कालीबंगाचे पद्धतशीर उत्खनन १९६० मध्ये सुरू झाले आणि तेथे नांगरलेल्या शेताच्या हजारो वर्षांपूर्वीच्या खुणा निघाल्या.

आईच्या आजारपणामुळे तेस्सितोरी १९१९ मध्ये इटलीला गेले, पण त्यांच्या पोचण्यापूर्वीच ती वारली होती. परतीच्या प्रवासात त्यांना त्या वर्षीच्या जागतिक साथीतील फ्लूने गाठले, आणि २२ नोव्हेंबर १९१९ रोजी, बत्तिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, ते बिकानेरात मरण पावले. त्यांची कबर तेथेच आहे.

त्यांचे काम पुढे नेणारा मनुष्य विद्यापीठातला नव्हता. अगरचंद नाहटा (१९११-१९८३) हे ओसवाल व्यापारी घराण्यातले. शाळा पाचवीपर्यंतच झालेली, कुटुंबाचा व्यापार बंगाल-आसामकडे. वर्षाचे काही महिने पेढीवर आणि उरलेले पोथ्यांत, अशी वाटणी करून त्यांनी ‘अभय जैन ग्रंथालय’ उभे केले. रद्दीवाल्याकडे जाणारी, पंसाऱ्याच्या पुड्यांसाठी फाडली जाणारी पाने त्यांनी वजनावर विकत घेतली, जुळवली आणि हजारो हस्तलिखितांचा संग्रह केला. पुतणे भंवरलाल यांच्याबरोबर त्यांनी ‘बीकानेर जैन लेख संग्रह’ सिद्ध केला, ज्यात शहरातील मंदिरांच्या आणि मूर्तींच्या लेखांबरोबर चिंतामणी मंदिराच्या तळघरातील, करमचंदाच्या काळी आलेल्या मूर्तींवरील लेखही नोंदले गेले. साडेतीनशे वर्षे काळोखात असलेल्या त्या मूर्तींना तारखा आणि दात्यांची नावे मिळाली ती या पेढीवाल्यामुळे. विद्वत्तेला पदवीची गरज असते काय, हा प्रश्न नाहटांच्या बाबतीत कोणी विचारला नाही, कारण पदवीधरच त्यांच्याकडे शंका घेऊन येत असत.

गाण्याच्या बाबतीत अल्ला जिलाई बाई (१९०२-१९९२) यांचे स्थान तसेच. लहान वयातच त्या गंगासिंहांच्या ‘गुणीजनखान्या’त, म्हणजे संस्थानी कलावंतांच्या खात्यात, आल्या, उस्ताद हुसैन बख्श यांच्याकडे शिकल्या, आणि मांड या राजस्थानी गायनप्रकाराला दरबाराबाहेर आकाशवाणीपर्यंत त्यांनी नेले. ‘केसरिया बालम’ हे गीत आज पर्यटनाच्या जाहिरातींत ऐकू येते, पण त्याची घडी या बाईंच्या गळ्यातून बसलेली आहे. १९८२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उंटाच्या कातड्यावर सोनेरी नक्षी करणारे हिसामुद्दीन उस्ता यांना तोच मान १९८६ मध्ये लाभला. मटकीच्या डाळीच्या भुजियावर उभे राहिलेले गंगाबिशन अग्रवाल ऊर्फ हल्दीराम यांचा उल्लेख नागपूरकरांसाठी तरी करायला हवा, कारण या घराण्याची एक शाखा नागपुरातच रुजली.

या सगळ्यांचे नाव ज्या ठिकाणी रोज निघते ती जागा म्हणजे जुन्या शहरातील ‘पाटा’. चौकाचौकात घरांसमोर मांडलेला हा लाकडी मोठा तक्तपोस दिवसा रिकामा असतो आणि उन्हाळ्याच्या रात्री त्यावर दहा-पंधरा माणसे ऐसपैस बसतात. पावसाचा अंदाज, लग्नाची बोलणी, निवडणूक आणि होळीच्या ‘रम्मत’ या लोकनाट्याची तालीम सारे तेथेच होते, आणि बोलणे चालते ते मारवाडीत. तेस्सितोरींनी जिचे व्याकरण मांडले आणि नाहटांनी जिची पाने रद्दीतून वाचवली, त्या राजस्थानी भाषेला साहित्य अकादमीने १९७०च्या दशकात मान्यता दिली, राजस्थान विधानसभेने २००३ मध्ये तिच्यासाठी ठराव केला, परंतु राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश अद्याप झालेला नाही.